भातावरचा टुंग्रो: दोन विषाणू, दोन गट आणि कोकणातले नमुने कसे तपासायचे

खाचरबांध

लावणीनंतर महिनाभरात खाचरातली पानं नारिंगी-पिवळी झाली की "टुंग्रो आला" म्हणायची घाई होते. पुढे कुणी पानं प्रयोगशाळेत पाठवतं, अहवालात एकच ओळ येते, "विषाणू आढळला", आणि विषय संपतो. कुठला विषाणू, कुठल्या गटातला, त्याचा जोडीदार सोबत होता की नाही, यातलं काहीच कळत नाही. म्हणून हा धागा.

मुळात टुंग्रो हे एका विषाणूचं नाव नाही. तो दोन विषाणूंच्या जोडीने होणारा रोग आहे, आणि ते दोघे एकमेकांचे लांबचेही नातेवाईक नाहीत. पहिला राइस टुंग्रो बॅसिलिफॉर्म व्हायरस. याला आपण इथे 'दांडका' म्हणू, कारण त्याचा कण दांडीसारखा, साधारण १३० बाय ३० नॅनोमीटर असतो. त्याचा जीनोम (सगळा आनुवंशिक संच) गोलाकार, दुहेरी धाग्याच्या डीएनएचा, सुमारे ८,००० बेसचा. कुळ कॉलिमोव्हिरिडी, वंश टुंग्रोव्हायरस. दुसरा राइस टुंग्रो स्फेरिकल व्हायरस, म्हणजे 'गोळी'. कण ३० नॅनोमीटरचा, जीनोम एकेरी आरएनएचा, १२ हजार बेसहून थोडा मोठा. कुळ सेकोव्हिरिडी, वंश वायकाव्हायरस. जपानमध्ये एकट्या गोळीमुळे भात खुजं राहायचं, त्या रोगाला तिकडे 'वायका' म्हणत. वंशाचं नाव त्यावरूनच आलं.

लक्षणं दाखवतो मुख्यतः दांडका. पण हिरवा तुडतुडा त्याला एकट्याला उचलून पुढे नेऊ शकत नाही, त्यासाठी गोळीची मदत लागते. गोळी एकटी असेल तर झाड थोडं खुजं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. म्हणजे ज्या झाडाकडे आपलं लक्षही जात नाही ते पुढच्या साथीचं कोठार असू शकतं. पिवळं पान बघून नमुने गोळा केले तर गोळीचा अर्धा हिशेब हातातून सुटतो, आणि तिथूनच वर्गीकरण चुकायला लागतं.

जांभ्याचा_चिरा

धागा हवाच होता. मात्र कोकणात पिवळं भात म्हणजे विषाणू हे गृहीत धरण्याआधी माती बघा. जांभ्याच्या आम्ल जमिनीत, विशेषतः डोंगराखालच्या पाझराच्या खाचरात, लोहाचं प्रमाण वाढून पानं तांबूस होतात. फरक ओळखायची सोपी रीत सांगतो. चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका) मुळासकट उपटून पाण्यात धुवायचा. लोहाची बाधा असेल तर मुळांवर तपकिरी-काळपट लेप बसलेला दिसतो आणि पांढरी मुळं जवळजवळ नसतात. पानावर आधी बारीक तपकिरी ठिपके येतात, खालच्या पानांपासून, टोकाकडून सुरू होऊन.

नत्र कमी पडलं तर सगळं खाचर सारखंच फिकं होतं, आणि जुनी पानं आधी. खारजमिनीत पानांची टोकं पांढरट होऊन वाळतात आणि पट्टा बहुतेक उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, किंवा फुटलेल्या बांधाच्या बाजूला असतो. टुंग्रोचे चट्टे असे रेषेत येत नाहीत. हिरव्या खाचरात मधेच एक पिवळं वर्तुळ, त्यात झाडं खुजी, फुटवे कमी, रंग टोकाकडून खाली उतरत जाणारा आणि त्यावर गंजासारखे डाग. पोटरीतून लोंबी उशिरा आणि अर्धवट बाहेर पडते.

सुरंगी

@जांभ्याचा_चिरा, अगदी बरोबर. शेतावरची आणखी एक चाचणी जोडते. पहाटे, ऊन पडायच्या आधी, पानाची टोकाकडची १० सेंटीमीटर पट्टी कापायची. १०० मिली पाण्यात ६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि २ ग्रॅम आयोडीन असं द्रावण करायचं. आयोडाइड आधी विरघळवा, नाहीतर आयोडीनचे खडे तळाशी तसेच राहतात. पट्टी त्यात १५ मिनिटं बुडवून साध्या पाण्याने धुवायची. टुंग्रो झालेल्या पानात स्टार्च रात्रीतून पूर्ण बाहेर जात नाही, म्हणून गर्द निळ्या-काळ्या रेघा उमटतात. निरोगी पान पिवळट-तपकिरीच राहतं.

पण ही चाचणी संशय घ्यायला, निदान करायला नाही. दुपारी कापलेलं निरोगी पानही निळं होतं, कारण दिवसभरात स्टार्च साठलेलाच असतो. आणि अन्नरस अडवणारा कुठलाही ताण असला तरी रेघ येऊ शकते. दांडका की गोळी हे तर ती सांगतच नाही.

हिरवा_तुडतुडा

कीटकाची बाजू मांडतो, कारण विविधतेचं कोडं त्याच्याशिवाय सुटत नाही. मुख्य वाहक नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स. याच वंशातला नायग्रोपिक्टसही आपल्या भातावर असतो, पण वाहक म्हणून तो कमी कार्यक्षम. दोघे हिरवे, दोघांच्या नराच्या पंखांवर काळे डाग. भिंगाखाली डोक्याचा वरचा भाग बघा: नायग्रोपिक्टसच्या डोक्याच्या पुढच्या कडेला काळा पट्टा असतो, व्हायरेसेन्सला नसतो. जाळीत दोनशे तुडतुडे आले आणि त्यातले बहुतेक पट्टेवाले असले तर त्या आकड्याचा अर्थच बदलतो.

प्रसाराचा प्रकार अर्धस्थायी. थोडा वेळ, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत रस शोषला तरी तुडतुडा विषाणू उचलतो आणि जास्तीत जास्त पाचेक दिवस तो पसरवतो. कात टाकली की विषाणू गेला. अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. म्हणून तुडतुड्याला रोग टिकवून ठेवायला सतत जिवंत, रोगट झाड लागतं. कोकणात ते झाड उन्हाळ्यात कुठे असतं, हा खरा प्रश्न. बहुतांश वरकस आणि मळे दिवाळीनंतर मोकळे असतात. पण कर्जतला राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं, दक्षिणेला तिलारीच्या कालव्याखाली आणि ओहोळांच्या कडेला वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, होतं. तिथे खरिपाच्या धसकटांतून आलेला फुटवा आणि वायंगणाचा तरवा (लावणीची रोपं) एकाच वेळी हिरवे असतात. नमुने घ्यायचे तर आधी तिथे.

खाचरबांध

@हिरवा_तुडतुडा, हाच मुद्दा हवा होता. टुंग्रो नाव पडलं फिलिपिन्समध्ये, १९६३ च्या सुमारास. तिथल्या इलोकानो भाषेत त्याचा अर्थ खुरटलेली वाढ. आपल्याकडे १९६९ मध्ये पूर्व भारतात मोठी साथ आली, पुढे १९९८ मध्ये पंजाबात. म्हणजे वर्षानुवर्षं शांत असलेल्या भागातही तो उठतो. कोकणाने तयारी ठेवायची ती एवढ्यासाठी. घाबरवायचा हेतू नाही.

आता गटांकडे येतो. दांडक्याचे दोन ठळक गट आहेत: दक्षिण आशियाई, ज्यात भारत-बांगलादेशचे नमुने येतात, आणि आग्नेय आशियाई, ज्यात फिलिपिन्स, मलेशिया, थायलंड वगैरे. १९९६ मध्ये सहा ठिकाणच्या नमुन्यांची तुलना छापून आली, त्यात भारतीय उपखंडातल्या नमुन्यांत ६४ बेसचा तुकडा गळालेला आढळला. २००२ मध्ये आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगालच्या नमुन्यांचे पूर्ण जीनोम आले आणि ही फारकत आणखी स्पष्ट झाली.

गोळीचं चित्र वेगळं. ओडिशा आणि आंध्रचे पूर्ण जीनोम २००७ मध्ये छापले गेले. त्यांची प्रथिनं फिलिपिन्सच्या नमुन्यांशी ९५ टक्क्यांहून जास्त जुळतात. एकाच तुडतुड्याच्या तोंडातून एकत्र फिरणाऱ्या दोन विषाणूंचा इतिहास इतका वेगळा निघतो! म्हणून "टुंग्रोचा वंशवृक्ष" असा एक वृक्ष काढताच येत नाही. दोन काढावे लागतात.

वायंगण

दोन प्रश्न. दांडक्याचे गट इतके दूर असतील तर त्यांना दोन वेगळ्या जाती का म्हणत नाहीत? आणि शेतकऱ्याला गट कळून उपयोग काय?

शाखापर्ण

@वायंगण, पहिल्याचं उत्तर देतो. जात ठरवायचे निकष आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती ठरवते. कॉलिमोव्हिरिडी कुळात मुख्य निकष असा: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि आरएनेज-एच हा पॉलिमरेजचा (जीनोमची प्रत काढणाऱ्या विकराचा) भाग घ्यायचा, त्यातल्या न्यूक्लिओटाइडमध्ये २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर वेगळी जात. पूर्ण जीनोमचा फरक नाही आणि जनुकांच्या मधल्या, प्रथिनाचा संकेत नसलेल्या मोकळ्या पट्ट्याचा तर नाहीच. ६४ बेसची गळती त्या मोकळ्या पट्ट्यात आहे. गट ओळखायला ती उत्तम खूण, जात ठरवायला तिचा काही उपयोग नाही. दोन्ही गट आज एकाच जातीत आहेत. २०२१ पासून विषाणूंनाही दोन शब्दांचं जातिनाव सक्तीचं झालं, त्यानुसार तिचं नाव टुंग्रोव्हायरस ओरायझी.

गोळीचा निकष वेगळा: आवरण-प्रथिनाच्या अमिनो आम्लांत ७५ टक्क्यांपेक्षा कमी साम्य, किंवा प्रोटिएज (प्रथिन कापणारं विकर) आणि पॉलिमरेजच्या पट्ट्यात ८० टक्क्यांपेक्षा कमी. दोन विषाणूंना एकच टक्केवारी लावणं ही वरचेवर दिसणारी चूक आहे. एकीकडे न्यूक्लिओटाइड मोजायचे, दुसरीकडे अमिनो आम्लं.

सुरंगी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रायमरमध्ये आहे, म्हणजे पीसीआर चाचणीत विषाणूचा ठरावीक तुकडा हेरून त्याच्या प्रती काढायला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्यात. फिलिपिन्सच्या सिक्वेन्सवर (बेसच्या क्रमावर) बेतलेला प्रायमर भारतीय दांडक्यावर नीट बसेलच असं नाही. विशेषतः ३-प्राइम टोकाला दोन-तीन बेस चुकले की जेलवर डीएनएची पट्टी येत नाही आणि अहवाल "नकारात्मक" जातो. शेतकरी निर्धास्त होतो, धसकटं तशीच राहतात. म्हणून प्रायमर मागवण्याआधी भारतीय आणि आग्नेय आशियाई, दोन्ही सिक्वेन्सशी जुळवून बघा आणि ओआरएफ-३ च्या (प्रथिनाचा संकेत असलेल्या तिसऱ्या पट्ट्याच्या) पॉलिमरेज भागात दोन्हीकडे सारखी असलेली जागा निवडा.

६४ बेसची गळती जेलवर बघायची तर तिच्या दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवून तुकडा ३००-४०० बेसचाच ठेवा आणि २.५ टक्के अ‍ॅगरोजवर सावकाश चालवा. हजार बेसचा तुकडा १ टक्क्यावर चालवला तर दोन्ही पट्ट्या एकाच उंचीवर भासतात.

आता सगळ्यात मोठा सापळा. भाताच्या स्वतःच्या गुणसूत्रांत दांडक्यासारख्या विषाणूचे जुने अवशेष अडकलेले आहेत. जपोनिका आणि इंडिका या भाताच्या दोन्ही उपजातींत ते सापडले आहेत आणि त्याबद्दल २००४ मध्ये छापून आलं. तुम्ही डीएनए काढता तो भाताचाही असतो. प्रायमर सैल असला किंवा जुळणीचं तापमान कमी ठेवलं तर निरोगी भातातूनही पट्टी येऊ शकते. म्हणून त्याच वाणाचं, कीटकरोधक जाळीत बियांपासून वाढवलेलं निरोगी झाड प्रत्येक खेपेला सोबत चालवायचं. रत्नागिरी-१ चा नमुना असेल तर निरोगी झाडही रत्नागिरी-१ चंच. नुसतं पाणी घालून केलेला नियंत्रण-नमुना यासाठी पुरत नाही.

तरवा

नमुना घ्यायचा कसा, हे कुणी नेमकं सांगेल का? पावसात पानं दोन दिवसांत सडतात.

सुरंगी

@तरवा, सांगते. दोन्ही विषाणू अन्नवाहिन्यांतच राहतात, त्यामुळे पानाची कड कापून पाठवू नका. वरून दुसरं, नुकतं पिवळं होऊ लागलेलं पान घ्या, मधल्या शिरेसकट, शक्यतो थोडा पर्णकोषही. पूर्ण वाळलेलं पान निरुपयोगी. चट्ट्याच्या मध्यातून तीन झाडं, कडेवरून तीन, आणि चट्ट्याबाहेरच्या हिरव्यागार भागातून तीन. ही शेवटची तीन कुणी घेत नाही आणि एकटी गोळी तिथेच सापडते. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी. पानं एकत्र केली तर दोन वेगवेगळ्या झाडांतले विषाणू एकाच झाडात असल्याचं दिसतं.

पान टिपकागदाने कोरडं करून, दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे करून, वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये. निळं जेल वापरत असाल तर ते गुलाबी झालं की बदला. जुलैच्या हवेत, पिशवी दोनदा उघडली की संध्याकाळपर्यंत ते गुलाबी होतं. कोकणात बरेच नमुने इथेच वाया जातात, रस्त्यात नाही. पान चोवीस तासांत कुरकुरीत झालं पाहिजे. मऊ राहिलं तर त्यात बुरशी वाढते.

दांडक्याच्या डीएनएसाठी एवढं पुरतं. गोळीच्या आरएनएसाठी तुकडे लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवा किंवा द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि नंतर उणे ८० ला ठेवा. गोळीच्या आरएनएला शेवटी ए-शेपूट असतं, त्यामुळे त्या शेपटाला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्रायमरने सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करता येतो. मात्र आरएनए तुटलेला असेल तर फक्त शेपटाकडचाच भाग मिळतो आणि आवरण-प्रथिनांची जागा, जी पुढच्या बाजूला आहे, हाती लागत नाही. त्यासाठी रँडम प्रायमर सोबत घाला.

डीएनएसाठी १०० मिलिग्रॅम पान, २ टक्के सीटीएबी (पेशी फोडणारं डिटर्जंट), १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, ६५ अंशांवर अर्धा तास. मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१, आयसोप्रोपेनॉल, ७० टक्के इथेनॉल. भाताच्या पानातलं पॉलिसॅकराइड सोबत आलं तर गोळा चिकट आणि पारदर्शक दिसतो आणि पीसीआर अडतो. तसं झालं तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावून बघा, नकारात्मक लिहिण्याआधी.

शाखापर्ण

सिक्वेन्स आल्यानंतरच्या चुका सांगतो, कारण त्या छापून आलेल्या कामातही दिसतात.

दांडक्याचा जीनोम गोल आहे. प्रत्येक जण तो वेगळ्या जागी कापून सरळ करतो. रीत अशी की मेथिओनिन टीआरएनए जिथे चिकटतो तिथून पहिला क्रमांक धरायचा. दहा सिक्वेन्स उतरवून न फिरवता अलाइनमेंट (एकाखाली एक जुळवणी) केलं तर सुरुवातीला आणि शेवटी मोठ्या पोकळ्या दिसतात आणि नवखा माणूस त्यांना "गळती" म्हणून नोंदवतो.

दुसरं, ओआरएफ-१ ची सुरुवात एटीजी या नेहमीच्या खुणेने होत नाही, एटीटीने होते. स्वयंचलित सॉफ्टवेअरला ते सापडत नाही आणि "या नमुन्यात ओआरएफ-१ नाही" असा शोध लागतो! तो हाताने शोधा. ओआरएफ-४ चा संदेशही कापून जोडलेल्या आरएनएवरून वाचला जातो. ओआरएफ-३ मात्र सरळ आहे: १९४ किलोडाल्टनचं लांब प्रथिन, त्यात हालचालीचं प्रथिन, आवरण, प्रोटिएज आणि पॉलिमरेज एका माळेत.

तिसरं, वृक्ष काढण्याआधी पुनर्संयोग तपासा. दोन्ही विषाणूंत तुकड्यांची अदलाबदल झाल्याच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत. पूर्ण जीनोमचा एकच वृक्ष काढला तर मिश्र नमुना दोन फांद्यांच्या मधोमध लटकतो आणि "नवा कोकण गट" म्हणून मिरवतो. आरडीपी या सॉफ्टवेअरमध्ये निदान तीन पद्धतींनी दुजोरा मिळालेलेच सांधे धरा, त्या सांध्यांवर जीनोम तोडा आणि प्रत्येक तुकड्याचा वृक्ष वेगळा. १,००० बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम हे तपासणाऱ्या फेऱ्या), ७० टक्क्यांच्या खालच्या फांदीवर बोलूच नये. वृक्षाच्या मुळासाठी परका विषाणू हवा तर दांडक्याला बॅडनाव्हायरस वंशातला, तोही फक्त पॉलिमरेज पट्ट्यापुरता. गोळीला मक्याचा क्लोरोटिक ड्वार्फ व्हायरस.

जांभ्याचा_चिरा

"नवा कोकण गट" बद्दल मनापासून सांगतो, एका तालुक्यातल्या दोन नमुन्यांवर असं नाव ठेवू नये. पालघरपासून दोडामार्गपर्यंत किमान काही ठिकाणं, दोन हंगाम, आणि खाचराबरोबर बांधावरचं गवत असं बघितल्याशिवाय भौगोलिक गट बोलता येत नाही.

वायंगण

मग प्रतिकारक वाण लावला तर हा सगळा खटाटोप टळणार नाही का?

हिरवा_तुडतुडा

@वायंगण, कशाला प्रतिकारक, हे आधी विचारा. बऱ्याच वाणांचा प्रतिकार तुडतुड्याला असतो, विषाणूला नाही. तुडतुड्याच्या नव्या पिढ्या त्या वाणावर रुळल्या की तो निकामी होतो. विषाणूला थेट प्रतिकार करणारे थोडे. इंडोनेशियातल्या उत्री मेराह या वाणात गोळीविरुद्धचा प्रतिकार भाताच्याच ट्रान्सलेशन इनिशिएशन फॅक्टर ४-जी या (प्रथिन बनवायला सुरुवात करून देणाऱ्या) जनुकातल्या छोट्या बदलामुळे आहे, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं.

आणि इथेच विविधता शेताशी जोडली जाते. टीकेएम-६ हा आपल्याकडचा जुना वाण गोळीच्या नेहमीच्या 'ए' प्रकाराला दाद देत नाही, पण फिलिपिन्समध्येच सापडलेला 'व्हीटी-६' प्रकार त्याला लागतो. त्याच १९९५ च्या कामात दांडक्याचेही लक्षणांवरून चार प्रकार वेगळे केले होते. पान बघून हे प्रकार कळत नाहीत. ओळखीच्या वाणांच्या संचावर तुडतुड्यांकरवी लागण करूनच कळतात. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा कर्जत, शिरगावच्या केंद्रांच्या वाणांची चाचणी घ्यायची तर विषाणू कुठला वापरला हे लिहिलंच पाहिजे. नुसतं "टुंग्रोला मध्यम प्रतिकारक" अर्धवट आहे.

तरवा

तपकिरी तुडतुडे खाचरात भरपूर आहेत, त्यांनी टुंग्रो येतो का?

हिरवा_तुडतुडा

नाही. तपकिरी तुडतुडे ग्रासी स्टंट आणि रॅग्ड स्टंट हे दुसरे विषाणू नेतात आणि ते कीटकाच्या शरीरात आयुष्यभर राहतात. पांढऱ्या पाठीचे तुडतुडे सदर्न राइस ब्लॅक-स्ट्रीक्ड ड्वार्फ नेतात, जो २०२२ मध्ये पंजाब-हरियाणात खुज्या भाताच्या रूपाने दिसला. त्यात झाड गर्द हिरवं आणि खुजं असतं, पिवळं नसतं. नमुन्याच्या पिशवीवर रंग लिहायचा तो यासाठी. हिरव्या तुडतुड्यांसाठी टुंग्रोप्रवण भागात फवारणीसाठी चुडाला दोन तुडतुडे ही मर्यादा धरतात. पण सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मारू नका, तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक होतो.

खाचरबांध

@तरवा, वेळापत्रक विचारलं होतंत निरोपात, इथेच देतो. रोप दाढीत (रोपवाटिकेत) १५ ते २० दिवसांचं असताना एकदा जाळी मारून तुडतुडे मोजा आणि दहा-पंधरा रोपं घ्या. लावणीनंतर तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात झाडांचे नमुने. लागण जितकी कोवळ्या वयात तितकं नुकसान जास्त, साधारण दीड महिन्यानंतर झाड बरंच तग धरतं. कापणीनंतर धसकटांचा फुटवा, आणि वायंगण असेल तिथे जानेवारीत पुन्हा तरवा. पिशवीवर गाव, खाचराचं स्थान, वाण, लावणीची तारीख, झाडाचं वय, रंग, आणि शेजारी फुटवा हिरवा आहे की नांगरला, एवढं पेन्सिलने. बॉलपेनची शाई सिलिकाच्या पिशवीवर पावसात पुसली जाते.

सुरंगी

आणि दांडका-गोळीचे रकाने वेगळे ठेवा: दोन्ही, फक्त दांडका, फक्त गोळी, काहीच नाही. "काहीच नाही" ची झाडंसुद्धा टाकू नका, गोठवून ठेवा. प्रायमर बदलला की तीच आधी पुन्हा काढायची असतात.